मुरली पेंटरचा गोल

सगळ्यात आधी मुरली पेंटरचं नाव लिहितो, मग बाकीचं. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या वळणावर पत्र्याच्या शेडखाली बसून दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवणारा हा माणूस चौथी शिकलेला. कॉम्प्युटरला त्यानं आयुष्यात एकदाच हात लावला, तोही लाकडी फूटपट्टीनं. पण गोंदियात आज मला लोक कॉम्प्युटरवाला म्हणून हाक मारतात ती त्या एका दुपारमुळं. त्या दुपारी त्यानं मला रस्त्यापलीकडून हटकलं नसतं, तर मी मिळेल त्या गाडीनं गावी परत गेलो असतो.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. गलाई म्हणजे जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडलोट वितळवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं काम. आठवीत शाळा सोडली आणि नव्व्याण्णव साली मामाबरोबर गोंदियाला त्याच्या गलाईच्या दुकानात आलो. रेल्वे सकाळची पोचली. खिडकीतून बघतो तर दोन्हीकडं पाणीच पाणी, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत साठलेलं, तलावांत साठलेलं, आणि प्रत्येक पाण्यात एक एक आभाळ. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं. इथं ते रिकामं पडून होतं, आणि त्यात वरचं सगळं खाली दिसत होतं. डोळे उघडे होते, तरी मला अजून झोपेतच असल्यासारखं वाटलं. तसं वाटणं पुढंही पुरतं कधी गेलं नाही.

ॲसिडच्या वाफेनं वर्षभरात खोकला धरला. मामानं मला कुडव्यातल्या एका फोटो स्टुडिओत चिकटवलं. मालक बबलूभाऊ. बोलणं हिंदी, चिडले की जास्तच हिंदी. आधी अल्बमला फोटो चिकटवायचो, मग कॉम्प्युटर आला तसा त्याच्यासमोर बसायला लागलो. इंग्रजी येत नव्हतं. पडद्यावर एखादी इंग्रजी सूचनेची पाटी आली की मी माउसवरचा हात काढून घ्यायचो. मी एक वही केली होती. पाटीवरची अक्षरं जशीच्या तशी, चित्र काढावं तशी उतरवून घ्यायचो आणि पुढं मराठीत लिहायचो : ही आली की डावं बटण. ही आली की हात लावू नको, बबलूभाऊला बोलव. वही भरत गेली, पण भीती काही कमी झाली नाही. आजही कुणाचं मशीन उघडण्याआधी मी तळहात पँटला पुसतो.

आता दोन पडद्यांचं सांगतो.

लग्नाचे फोटो निवडायला घरची माणसं यायची. सात-आठ जण माझ्या मानेवर वाकून एकाच पडद्यात बघायचे. कुणाच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, कुणाच्या कडेवर लेकरू. बबलूभाऊंनी तोडगा काढला. नागपूरहून नवा चपटा, रुंद मॉनिटर आणला आणि तो काउंटरवर गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवला. माझ्यासमोर जुना, मागून पोट सुटलेला काचेचा डबा तसाच राहिला. दोघांना जोडायला एक वायर आणली, एका टोकाला दोन शेपट्या फुटलेली. म्हणजे मी इकडं जे करीन ते तिकडं दिसणार. कॉम्प्युटरला मात्र आपल्याला दोन डोळे आहेत हे ठाऊकच नव्हतं. तो एकच चित्र पाठवायचा, वायर त्याचे दोन करायची.

आईला फोनवर सांगितलं. तिनं गावभर केलं, "माझं प्वार गोंदियाला दोन दोन कॉम्प्युटर चालवतंय."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी : पडदा म्हणजे ठिपक्यांची चटई. आडवे किती ठिपके आणि उभे किती, या हिशोबाला रेझोल्यूशन म्हणतात. नवा चपटा पडदा आडवा जास्त पसरलेला, त्याच्या चटईत चौदाशे चाळीस आडवे आणि नऊशे उभे. जुना डबा जवळजवळ चौकोनी, त्याला एक हजार चोवीस आणि सातशे अडुसष्ट झेपायचे. वायर एकच, म्हणून चित्र दोघांना एकच जाणार. मी पहिल्याच दिवशी नव्याच्या मापाचं चित्र लावून पाहिलं. नवा लखलखला, पण माझ्या डब्यात काळोख झाला आणि त्या काळोखात एक छोटी चौकट तरंगायला लागली. एका कडेला टेकायची, वळायची, दुसरीकडं निघायची, तलावावर एकटं पान फिरावं तशी. माझ्या वहीत ती पाटी नव्हती. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. पंधरा सेकंदांनी सगळं आपोआप पहिल्यासारखं झालं. मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. दोन्हीकडं जुन्याचंच माप ठेवलं.

इथं सगळी मेख होती, आणि ती मला पुढचे दोन महिने कळली नाही.

कमी ठिपक्यांचं, चौकोनी चित्र मिळालं की नवा पडदा ते ताणून आपलं सगळं अंग झाकून घ्यायचा. उंची बरोबर, रुंदी जास्त. त्यामुळं बाहेर बसलेल्या मंडळींना नवरी रुंद दिसायला लागली.

"का गा, आमची पोरगी एवढी जाडी कधी झाली?"

"जेवणं चांगली होती ना लग्नात," मागून कुणीतरी म्हणायचं, की सगळं दुकान हसायचं. हसायची नाही ती फक्त नवरी.

मी घाबरून बबलूभाऊंना विचारलं, माझ्या डब्यात तर ठीक दिसतंय, मग? ते म्हणाले, "अरे, वो डब्बा आठ साल पुराना है. नया नया होता है. जो नये में दिखता है, वही सही."

मला ते पटलं. मी स्वतःही इथं जुन्या डब्यासारखाच होतो, कुठून तरी आणून ठेवलेला. नव्याला खोटं ठरवायची माझी छाती नव्हती. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक, फोटो बाजूनं दाबायला लागलो, बाहेरचा माणूस "हां, आता बरोबर" म्हणेपर्यंत. माप नाही, हिशोब नाही, नजरेनं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. माझा डबा नव्याशी जुळेना, म्हणून त्याच्या खालची बटणं दाबून मी त्यातलं चित्र वरखालून चेपलं. वर-खाली दोन काळ्या पट्ट्या आल्या, पण दोन्ही पडद्यांवर माणसं सारखी दिसायला लागली. दुकानात एकच खरं बोलणारा साक्षीदार होता, त्याची जबानी मी माझ्या हातानं बदलून घेतली आणि त्या दिवशी निवांत चहा प्यालो.

त्या काळात मी बाहेरचीही कामं करायला लागलो होतो. दोन पडद्यांचा मीच एकटा जाणकार, अशी हवा झाली होती. एकदा गोरेगावला बोलावलं. एक सातबाराचे अर्ज भरून देणारं खासगी केंद्र होतं, धानाच्या बांध्यांना पाठ लावून. त्यांचा दुसरा मॉनिटर जळाला म्हणून काढून नेला होता. मशीन चालू, प्रोग्रॅम चालू, खाली त्याचं नाव दिसतंय, पण खिडकी काही दिसेना. मालक म्हणाला, "आवाज येऊन राहिला, मानूस दिसून नाही राहिला."

मी बसलो. बाहेर रात्रीच्या अवकाळी पावसानंतरचं धुकं अजून उठलं नव्हतं, एसटी आली ती आधी ऐकू आली, मग तिचे दिवे, मग ती. आणि मला एकदम कळलं. ती खिडकी उघडीच होती. ती तिच्या जागेवरच होती, काढून नेलेल्या पडद्यावर. कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं की ती भिंत आता घरात नाही. मी कळफलकावरून तिला पकडलं आणि बाणाचं बटण दाबून धरलं. आधी काही नाही, मग डाव्या कडेतून एक निळी पट्टी आली, मग हळूहळू सगळी खिडकी, अर्ध्यावर भरलेल्या अर्जासकट. मालकानं टाळी वाजवली. मी मात्र परत येताना एसटीत आईचा विचार करत होतो. गावच्या घरात तिनं अजून माझी शाळेची पाटी, माझी झोपायची चटई जिथल्या तिथं ठेवली होती.

असो. मुरलीकाकांकडं येतो.

त्यांची शेड आमच्या दुकानासमोरच. शेडला टेकून चार-पाच अर्ध्या पाट्या उभ्या असायच्या आणि तेलरंगाचा वास रस्ता ओलांडून आमच्याकडं यायचा. मला ते "सांगली" म्हणूनच हाक मारायचे. माझं "व्हय-न्हाय" ऐकलं की त्यांना हसू यायचं. "बोल ना गा सांगली काही, तुही भाषा आयकली की मले गुदगुल्या होतेत." दोन घोट चहातला एक मला द्यायचे. पण बबलूभाऊंनी फ्लेक्सची कामं घ्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडं येणारी माणसं रस्त्याच्या मधूनच वळून आमच्याकडं यायला लागली. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, लग्नाची कमान, सगळं एका दिवसात छापून. त्यांच्या पाटीला चार दिवस लागायचे. त्या फ्लेक्सची डिझाइनं मीच करायचो. मुरलीकाका काही बोलले नाहीत. हाक मारणंही थांबवलं नाही. मीच त्यांच्या नजरेला नजर द्यायचं सोडलं. वर्षभर चहाला गेलो नाही.

तर मे महिन्यात कामठ्याकडचं एक लग्न आलं. पटल्यांचं घर, पोवार, शेतीवाडी चांगली. नवरीचे वडील छगनभाऊ. लग्न झालं आणि आठच दिवसांत छगनभाऊंचे वडील गेले. सगळे त्यांना आबाजी म्हणत. उन्हात बांधावर गेले, झाडाखाली बसले, तिथंच. या आबाजींनी जन्मात हौसेनं फोटो काढून घेतला नव्हता. मतदानाच्या कार्डावर एक होता, त्यात तर माणूस की सावली हेही कळत नव्हतं. नातीच्या लग्नात मात्र ते घरच्या भिंतीपुढं खुर्ची टाकून बसले आणि आमच्या फोटोग्राफरला म्हणाले, घे बावा एक. तेवढा एकच.

छगनभाऊ आले. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, मोठी फ्रेम हवी होती. बाहेरच्या नव्या पडद्यावर फोटो लावला. ते म्हणाले, "बाप थोडा फुगल्यासारखा दिसते." मी सवयीनं दाबला. आणखी थोडा. "हां, बस. हा होय बाप." मी जतन केला, त्याच नावानं, मूळ फोटोवरच. मशीनमध्ये जागा कमी म्हणून आमची रीतच तशी होती, आणि कॅमेऱ्याचं कार्ड तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पुढच्या लग्नासाठी पुसलं गेलं होतं.

दोन दिवसांनी फ्रेम तयार झाली. छगनभाऊ आईला घेऊन आले. आजी मोटारसायकलवरून उतरल्या, दुकानात आल्या, खुर्चीवर बसल्या. बबलूभाऊंनी फ्रेमवरचा कागद काढला.

आजी बघत राहिल्या. कूलरचा आवाज येत होता. मग त्या मुलाशी त्यांच्या पोवारी बोलीत काहीतरी बोलल्या, तो खाली बघायला लागला. मग माझ्याकडं वळून मला कळेल असं म्हणाल्या,

"हा कोन होय गा?"

छगनभाऊंनी फ्रेम त्यांच्याकडं थोडी वळवली. आजींनी ती हातानं थांबवली.

"माहा बुढा असा नव्हता. हा त उपाशी मानूस दिसून राहिला. मी त्याले एक दिवस उपाशी नाही ठेवलं." आणि त्यांनी फ्रेम उलटी करून काउंटरवर ठेवली.

मी फ्रेम सरळ करून बघितली. लांबुडका चेहरा, गाल आत, कान चिकटलेले. आणि मला एकदम गेल्या दोन महिन्यांतली सगळी लग्नं दिसायला लागली. छापून, बांधून, घरोघर गेलेले अल्बम. त्यातली सगळी माणसं बांबूसारखी.

छगनभाऊ आईला घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, "परवा तेरवी आहे. दुसरा फोटो नाही आमच्याजवळ." बबलूभाऊ त्यांच्या गाडीचा आवाज जाईपर्यंत थांबले. मग शांतपणे, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट होतं, म्हणाले, "उस माँ को मैं क्या दिखाऊँ? ठीक कर सकता है तो कर. नहीं तो मामा को बोल, तेरा टिकट निकाल दे."

मी परत मशीनसमोर बसलो. मूळ फोटो नव्हता. किती दाबला होता तेही माहीत नव्हतं. उलटा ताणायचा तर किती? पडद्यावर ताणून बघितला, तर मला कुठलाच चेहरा ओळखू येईना. जिवंतपणी मी त्या माणसाला पाहिलंच नव्हतं. वर ज्या दोन काचांत बघून ठरवायचं त्या दोन्ही काचांवरचा माझा विश्वास उडाला होता. तेवढ्यात लाइट गेली, भारनियमनाची वेळ. यूपीएस टीं-टीं करायला लागला. मी मशीन बंद केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

मेच्या दुपारी कुडव्याचा रस्ता पांढरा होतो. डांबरावर पाणी दिसतं आणि नसतं. त्या नसलेल्या पाण्यात मला आमच्या गावची विहीर दिसत होती, आई दिसत होती, तिला काय सांगायचं ते शब्द जुळवत होतो. पाण्यापलीकडून आवाज आला.

"का झालं गा सांगली? तोंड काऊन उतरलं? मशीन मेली का तुमची? मरू दे, माह्या धंद्याले बरं होईन."

मला हसू आलं नाही, रडू आलं. चोवीस वर्षांचा बाप्या, भर रस्त्यावर. मुरलीकाका ब्रश तसाच हातात घेऊन रस्ता ओलांडून आले आणि शेजारी बसले. मी सगळं सांगितलं. ऐकताना ब्रशवरचा रंग त्यांच्या पायावर ठिबकत होता.

"कोनते आबाजी? कामठ्याचे पटले?" ते म्हणाले. "लाइट आली की दाखव मले."

लाइट आली. त्यांनी दुकानात येताना चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, काका, असू द्या. "नाही गा, मशीनीचं घर होय," म्हणाले, आणि ती थट्टा होती की नाही ते मला अजून कळलेलं नाही. खिशातून लाकडी फूटपट्टी काढली. तिचा पहिला इंच मोडून गेलेला.

"चौकोन काढता येते का तुह्या डब्ब्यात? बरोब्बर चौकोन, चारही बाजू एक."

मी काढला. त्यांनी फूटपट्टी नव्या पडद्याला लावली. उभी लावली, वाचली. आडवी लावली, वाचली.

"एकापासून मोजजो, पहिला इंच नाही ह्याले. उभा किती?"

"पाच."

"आडवा?"

"सहा."

"हा चौकोन होय का?"

मी बघतच राहिलो. दोन महिने मी त्या पडद्याला खरं मानत होतो, आणि तो साधा चौकोन चौकोन दाखवू शकत नव्हता. काकांनी पट्टी माझ्या डब्याला लावली. तिथंही तेच. "हा बी त्याचाच भाऊ होय," म्हणाले. मी खाली मान घालून सांगितलं, काका, हा खरा होता, मीच याला चेपलाय.

ते बराच वेळ हसले. "आमच्यात छोटा फोटो भितीवर मोठा काढाचा असला त आधी त्याच्यावर चौकोन पाडतो. भितीवर बी चौकोन पाडतो. चौकोन चौकोन नाही राहिला, त मानूस मानूस कसा राहीन गा?"

मग मला हिशोब दिसला, आठवी सोडलेल्या माणसालाही दिसेल असा. पाचाचे सहा. मी दोन शेपट्यांची वायर काढून टाकली, डब्याला विश्रांती दिली, नव्या पडद्याला सरळ एकट्यानं जोडलं आणि त्याच्या स्वतःच्या मापाचं चित्र लावलं. चौदाशे चाळीस, नऊशे. यावेळी काळोख झाला नाही, चौकटही तरंगली नाही. काकांनी पट्टी लावली. पाच. पाच.

आता फोटो उघडला. आता दोघांनाही दिसलं, आबाजी किती बारीक झाले होते. पण प्रश्न राहिलाच. मी नजरेनं दाबला होता, प्रत्येक फोटो वेगळा. परत किती पसरायचा?

मुरलीकाका फोटोकडं बघत नव्हते. ते फोटोच्या मागं बघत होते.

"थांब. हे भित माही होय."

आबाजींच्या खुर्चीमागं घराची भिंत. तिच्यावर रंगवलेली वधूवरांची नावं, आणि नावांभोवती हिरव्या-लाल वेलीचा मोठा गोल, आबाजींच्या डोक्यामागून चारही बाजूंनी बाहेर आलेला.

"पोरं फ्लेक्स लावतो म्हनत होते," काका म्हणाले. "तुमच्याकडेच येनार होते. आबाजी म्हने, माह्या घरच्या भितीवर मुरलीच लिहीन. दिवसभर खाटेवर बसून पाह्यत होते मले. म्हने, मुरली, गोल अंड्यासारखा नको करजो. मंग मी भितीत खिळा ठोकला, दोरी बांधली, अन फिरवला. पाह्य, आबाजीनं नको म्हटलं, अन तू तेच केलं."

पडद्यावरचा गोल खरोखर उभ्या अंड्यासारखा दिसत होता.

मी आकडा टाकायला घेतला. एकशे दहा टक्के. काकांनी पट्टी लावली, उभी, आडवी. "नाही." एकशे पंधरा. "अजून." एकशे वीस. "जास्त झालं, आता आडवं अंडं होऊन राहिलं." माझे तळहात ओले झाले होते, काकांची बोटं पडद्यावर हिरव्या रंगाचे ठसे उमटवत होती. एकशे अठरा. त्यांनी उभी पट्टी लावली. आडवी लावली. पुन्हा उभी लावली. मग पट्टी खाली ठेवली आणि नुसतं बघत बसले. मी चेहरा बघितला. गाल भरलेले, कान बाजूला निघालेले, ओठांच्या कडेला थोडीशी ऐट. अनोळखी माणूस होता, पण माणूस होता.

"आबाजी," काका त्याला म्हणाले, "गोल बरोबर आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आल्या. यावेळी खुर्चीवर बसल्या नाहीत. बबलूभाऊंनी कागद काढला, मी दाराशी उभा होतो, पळायला सोपं जावं म्हणून की काय कोण जाणे. आजी फ्रेमपुढं उभ्या राहिल्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, काचा थरथरल्या, थांबल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "जेवून आला."

मग त्यांनी डोक्यावरून घसरलेला पदर दोन्ही हातांनी सारखा केला, पुढं ओढून घेतला, तो माणूस समोर असताना ओढत असतील तसा, आणि मान थोडी खाली घातली. छगनभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले. मी बबलूभाऊंकडं बघितलं. ते यूपीएसवरची धूळ पुसत होते. माझ्या तिकिटाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

त्या उन्हाळ्यात गेलेले अल्बम काही मी परत आणू शकलो नाही. गोरेगावच्या, कामठ्याच्या कितीतरी घरांत ते असतील. एक बाई तर पुढच्या वर्षी मुद्दाम सांगायला आल्या, "ते तुम्ही मागच्या साली बारीक करत होते, तसंच करा." मी त्यांना पाच-सहाचा हिशोब समजावून सांगितला. त्या नाराज होऊन दुसऱ्या स्टुडिओत गेल्या. पण माझ्याच्यानं पुन्हा कुणाला दाबवलं नाही. कॉम्प्युटरसाठी दोन पडद्यांना वेगवेगळी चित्रं पाठवणारं, दोन तोंडांचं कार्ड आणवलं, तेव्हापासून प्रत्येक पडद्याला त्याचं स्वतःचं माप मिळतं. आजही कुठं दोन पडदे जोडायला गेलो की वायरी लावायच्या आधी चौकोन काढतो आणि फूटपट्टी लावतो. लोक हसतात. शिकलेली पोरं सांगतात, अंकल, सेटिंगमध्ये बघा ना, नंबर लिहिलेला असतो. नंबर मी बघतोच. पट्टीही लावतो.

ती फूटपट्टी काकांचीच. त्या दुपारी निघताना त्यांनी ती काउंटरवरच ठेवली. मी मागं धावलो, तर म्हणाले, "राहू दे तुह्याजवळ. तुह्या दुकानात कामाची आहे, माह्या नजरेतच इंच आहेत." बबलूभाऊंनी त्यांना आमच्याकडं डिझाइन करायला या म्हणून विचारलं होतं. ते हसले, "माहा हात चालते भाऊ, बोट नाही चालत." दोन-तीन वर्षांत शेड उतरली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बालाघाटला मुलीकडं राहायला गेले. गेले त्या दिवशी मी नागपूरला सामान आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा रस्त्यापलीकडं चार खांबांचे खड्डे होते. त्यांच्याकडं जाणारी माणसं मीच अडवली होती. तरी माझं कोसळणं थांबवायला तेच आले. हे मी त्यांना समोर बसून कधी म्हटलं नाही.

म्हणून गेली काही वर्षं रविवारी मी मोटारसायकल काढतो. कामठ्याच्या एका पिठाच्या गिरणीवर त्यांची पाटी अजून आहे. गोरेगावात एका सायकलच्या दुकानावर आहे, अर्धी झाडाच्या फांदीखाली. एका ट्रकच्या मागं कमळ आहे, तो ट्रक आता चालत नाही, शेतात उभा आहे आणि त्याच्यात कोंबड्या राहतात. पावसानं, उन्हानं अक्षरं फिकी होत चाललीत, म्हणून घाई करतो. फोटो काढतो, सरळ समोर उभं राहून, चौकोन चौकोन राहील असा. पटल्यांच्या भिंतीवरचा गोल छगनभाऊंनी दर दिवाळीला घर रंगवताना वगळून ठेवलाय. त्यांच्या आई असेपर्यंत त्यावरून चुना फिरवू देत नव्हत्या. आता त्या नाहीत, पण चुना अजूनही फिरत नाही. त्याचाही फोटो घेतलाय.

एवढे सगळे जमले की त्यांचा अल्बम बांधणार आहे. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं असं मुलीनं फोनवर सांगितलं, एका डोळ्यानं चांगलं दिसतंय म्हणे. मुरलीकाका, मी बालाघाटला येणार आहे. अल्बम घेऊन आणि तुमची फूटपट्टी घेऊन, पहिला इंच नसलेली. पहिल्या पानावर तो गोल असेल. त्याला पट्टी तुम्ही लावायची, उभी आणि आडवी, आणि बरोबर भरला तरच मी तुमच्या घरचा चहा घेईन.